टेप, ड्राइव्ह की ड्रायव्हर? लिनक्सवरील टेप बॅकअप पुन्हा पुन्हा अडखळतो तेव्हा

मी काही वर्षे एका कार्यालयाच्या सर्व्हरची देखभाल करत होतो. तेथे एलटीओ या टेपच्या मानकाच्या सहाव्या पिढीचा (एलटीओ-६) एक टेप ड्राइव्ह होता आणि आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलेली एक जुनी बॅकअप स्क्रिप्ट होती. रोज रात्री ती स्क्रिप्ट चालत असे, आणि साधारण महिन्या-दीड महिन्यातून एकदा काहीतरी बिघडत असे. मात्र बिघाडाचे रूप दर वेळी वेगळे असे. कधी कालपर्यंत वाचता येणारी टेप आज वाचायला घेतली की ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’ असा संदेश येई, कधी मध्यरात्री लिहिता लिहिता ‘इनपुट/आउटपुट एरर’ येऊन काम थांबे, आणि एकदा तर काम यशस्वी झाल्याची नोंद असूनही टेपवरच्या आधीच्या पाच रात्रींचा सगळा बॅकअप नाहीसा झाला होता. आम्ही केबल बदलली, ड्राइव्ह साफ केला, पुढे ड्राइव्हच बदलून घेतला, नव्या टेपा मागवल्या. बिघाड मात्र काही काळ दबा धरून पुन्हा येतच राहिला.

तिन्ही रूपांचे मूळ यंत्रात नव्हते. टेप बॅकअपमध्ये बॅकअपचा प्रोग्रॅम, कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला ड्रायव्हर आणि प्रत्यक्ष ड्राइव्ह असे तीन भागीदार असतात. टेप आता कुठे उभी आहे आणि तिच्यावरचे ब्लॉक, म्हणजे एकसंध लिहिले जाणारे माहितीचे तुकडे, किती मोठे आहेत याविषयी तिघांचे एकमत असावे लागते. ते एकमत रीबूटने, रीसेटने किंवा स्क्रिप्टच्या निष्काळजीपणाने तुटते, तेव्हा दोष ड्राइव्हवर येतो. म्हणून अशा बिघाडाचा शोध ड्रायव्हरपासून सुरू करावा असे माझे मत झाले आहे. खालील विवेचन लिनक्सविषयी आहे. आज्ञांची आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

ड्रायव्हर नेमके काय सांभाळतो

डिस्क, टेप अशी उपकरणे संगणकाला जोडण्याच्या आणि त्यांना आज्ञा देण्याच्या एका प्रमाणित पद्धतीला स्कझी म्हणतात. लिनक्समधील स्कझी टेपच्या ड्रायव्हरचे नाव ‘एसटी’ आहे. आपल्याकडे एसटी म्हटले की लाल बस डोळ्यांपुढे येते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती आठवण येथे अगदीच निरुपयोगी नाही. हा ड्रायव्हर काई मॅकिसारा यांनी आधीच्या एका ड्रायव्हरवरून नव्याने लिहिला. त्याच्या स्रोतफाइलीतील प्रताधिकाराची नोंद १९९२ पासूनची आहे. ड्राइव्ह एसएएस केबलने जोडलेला असो, फायबर चॅनलने असो किंवा जुन्या समांतर स्कझीने असो, प्रोग्रॅमला दिसणारा ड्रायव्हर हाच. प्रोग्रॅमने केलेले वाचणे किंवा लिहिणे आधी एसटीकडे येते, एसटी त्याचे स्कझी आज्ञेत रूपांतर करतो, ती आज्ञा कर्नलच्या स्कझी मध्यस्तराकडे जाते, तेथून अ‍ॅडॉप्टर कार्डाच्या ड्रायव्हरकडे आणि शेवटी ड्राइव्हकडे.

डिस्कच्या बाबतीत ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर वाच’ ही आज्ञा स्वयंपूर्ण असते. तिच्या आधी काय झाले होते याच्याशी तिला देणेघेणे नसते. टेपवर मात्र ‘पुढचा ब्लॉक वाच’ एवढीच आज्ञा असते, आणि पुढचा म्हणजे कोणता हे आधीच्या सगळ्या हालचालींवर ठरते. त्यामुळे एसटी ड्रायव्हरला बरेच काही स्मरणात ठेवावे लागते: सध्या टेपवरची कितवी फाइल चालू आहे, तिच्यातला कितवा ब्लॉक आहे, शेवटची क्रिया लेखनाची होती की वाचनाची, फाइलमार्क (टेपवर एक फाइल संपल्याची खूण) ओलांडला की नाही, ब्लॉकचा आकार स्थिर आहे की बदलता, आणि वापरकर्त्याने कोणते पर्याय निवडले आहेत. यांपैकी एकही गोष्ट टेपवर लिहून ठेवलेली नसते. ड्रायव्हरने ठेवलेल्या नोंदी कर्नलच्या मेमरीत असतात, ब्लॉकच्या आकारासारख्या काही मांडण्या ड्राइव्हच्या स्मृतीत असतात, आणि रीबूट किंवा वीज जाणे यांनंतर दोन्ही पुसल्या जातात. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते.

‘इनपुट/आउटपुट एरर’ हे निदान नव्हे

ड्राइव्हला अडचण आली की तो स्कझीच्या भाषेत तपशीलवार उत्तर देतो. त्या उत्तरात ‘सेन्स की’ नावाचा एक आकडा असतो आणि त्याखाली आणखी बारीक कारण सांगणारे दोन आकडे असतात. एसटी ड्रायव्हरला मात्र हे सगळे युनिक्सच्या मोजक्या त्रुटिक्रमांकांत बसवावे लागते, आणि त्यामुळे एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक अडचणी प्रोग्रॅमपर्यंत पोहोचताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ याच एका नावाने येतात. बॅकअप प्रोग्रॅमच्या नोंदवहीत हे शब्द दिसताच टेप बाद करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. कारण न पाहता केलेली ती शिक्षा आहे.

खरे कारण कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत असते. तेथे सेन्स की ३ म्हणजे ‘मीडियम एरर’ असेल तर टेपवर किंवा ड्राइव्हच्या हेडवर संशय घ्यावा. ४ म्हणजे ‘हार्डवेअर एरर’ असेल तर ड्राइव्हवर. पण ६ म्हणजे ‘युनिट अटेन्शन’ असेल तर कोणतीही वस्तू खराब झालेली नसून ‘मध्यंतरी माझ्या स्थितीत बदल झाला आहे’ एवढेच ड्राइव्ह सांगत असतो. हा बदल टेप बदलल्याचा असेल किंवा रीसेट झाल्याचा असेल. २ म्हणजे ड्राइव्ह अजून तयार नाही. ५ म्हणजे ड्राइव्हला न समजणारी किंवा अमान्य असलेली आज्ञा. ७ म्हणजे लेखनबंदी, आणि ती बहुधा कार्ट्रिजवरची खिटी सरकल्यामुळे असते. ८ म्हणजे लिहिलेल्या मजकुराच्या पलीकडे वाचण्याचा प्रयत्न. आमच्याकडच्या मध्यरात्रीच्या त्रुटींत बहुतेक वेळा ६ हाच आकडा होता, आणि आम्ही बाद केलेल्या टेपा मात्र ३ समजून बाद केल्या होत्या.

टेपबद्दल खरोखरच शंका असेल तर ड्राइव्ह स्वतः ‘टेपअ‍लर्ट’ नावाचे ध्वज ठेवतो. ‘एसजी-लॉग्ज’ या साधनाने ते वाचता येतात. २० क्रमांकाचा ध्वज उभा असेल तर ड्राइव्ह लगेच साफ करण्याची मागणी करतो आहे. असा कोणताही ध्वज नसताना, आणि लॉगमध्ये ३ किंवा ४ नसताना, केवळ ‘इनपुट/आउटपुट एरर’वरून खरेदीचा प्रस्ताव पाठवू नये.

ब्लॉकच्या आकाराचा घोळ

आता ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’कडे वळू. हा संदेश वाचून आमच्याकडे एकाने सर्व्हरची मेमरी दुप्पट केली होती. तिचा येथे काहीही संबंध नाही.

एसटी ड्रायव्हर दोन पद्धतींनी काम करतो. बदलत्या ब्लॉकच्या पद्धतीत, म्हणजे ब्लॉकचा आकार शून्य ठेवलेला असताना, प्रोग्रॅमने एका वेळी जितके बाइट लिहिले तितक्या आकाराचा एक ब्लॉक टेपवर पडतो. वाचताना टेपवरचा पुढचा पूर्ण ब्लॉक उचलला जातो, आणि प्रोग्रॅमने मागितलेली जागा त्या ब्लॉकपेक्षा लहान असेल तर ड्रायव्हर अर्धा ब्लॉक हाती न देता त्रुटी परत करतो. ती त्रुटी म्हणजेच ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’. त्याच क्षणी कर्नलच्या लॉगमध्ये ‘इतक्या बाइटचा ब्लॉक इतक्या बाइटच्या हस्तांतरात वाचता आला नाही’ अशा अर्थाची नोंद असते, आणि तिच्यात ब्लॉकचा खरा आकार आयता मिळतो. स्थिर ब्लॉकच्या पद्धतीत मात्र ड्रायव्हर आणि ड्राइव्ह यांच्यातली देवाणघेवाण ठरलेल्या आकाराच्या पटीतच होते. लिहिताना प्रोग्रॅमने त्या आकाराच्या पटीत लिहिले नाही तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येते. पण वाचताना ड्रायव्हर पुढचे ब्लॉक आधीच आणून आपल्या बफरमध्ये ठेवतो आणि प्रोग्रॅमला हवे तेवढे तुकडे करून देतो.

आमचा घोळ याच फरकात होता. कधीकाळी कोणीतरी हाताने ‘एमटी’ या टेप हाताळण्याच्या आज्ञेने ब्लॉकचा आकार ६५,५३६ बाइट ठरवून दिला होता आणि ‘टार’ या बॅकअपच्या प्रोग्रॅमला १२८चा ब्लॉकिंग फॅक्टर (एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे, हा आकडा) दिला होता, १२८ गुणिले ५१२ म्हणजे तोच आकडा. परत वाचण्याच्या स्क्रिप्टमध्ये मात्र फॅक्टर लिहायचा राहिला होता. त्यामुळे ती ‘टार’च्या नेहमीच्या २० या फॅक्टरने, म्हणजे १०,२४० बाइटच्या मागणीने वाचत असे. ड्राइव्ह स्थिर पद्धतीत असेपर्यंत ही चूक ड्रायव्हर पोटात घालत होता. सर्व्हर किंवा ड्राइव्ह बंद होऊन पुन्हा सुरू झाला की एलटीओ ड्राइव्ह आपल्या मूळच्या बदलत्या पद्धतीवर येई, ६५,५३६ बाइटच्या ब्लॉकसमोर १०,२४० बाइटची झोळी पसरली जाई आणि वाचन थांबे. मग कोणीतरी जुनी वही उघडून ती ‘एमटी’ आज्ञा पुन्हा देई, सगळे सुरळीत होई, आणि पुढच्या वीजखंडापर्यंत प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटे. एकाच दुरुस्तीची दर दोन महिन्यांनी गरज पडत असेल, तर ती दुरुस्ती नसून मलमपट्टी आहे हे ओळखायला आम्हाला फार वेळ लागला.

एखाद्या अनोळखी टेपवरचा ब्लॉक किती मोठा आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. टेप सुरुवातीला न्यावी, ‘एमटी’च्या ‘सेटबीएलके’ने आकार शून्य करावा, आणि ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या आज्ञेने एक मेबीबाइट आकाराचा एकच ब्लॉक वाचून कोणत्याही तात्पुरत्या फाइलीत टाकावा. ‘डीडी’ शेवटी जितके बाइट वाचल्याचे सांगेल तितकाच त्या ब्लॉकचा आकार. स्थिर पद्धतीत लिहिलेली टेपही अशीच वाचता येते, कारण ब्लॉक टेपवर गेल्यावर तो कोणत्या पद्धतीने लिहिला गेला याची खूण राहत नाही.

कायमचा उपाय दोन प्रकारे करता येतो. ‘एमटी-एसटी’ या पॅकेजात ‘एसटीइनिट’ नावाचे साधन आहे. ते ईटीसी निर्देशिकेतील आपल्या व्याख्याफाइलीतून ड्राइव्हच्या निर्मात्यानुसार आणि मॉडेलनुसार ब्लॉकचा आकार, कॉम्प्रेशन आणि इतर पर्याय वाचते आणि ड्रायव्हरला सांगते. ते प्रत्येक रीबूटनंतर आणि एसटी मॉड्यूल पुन्हा चढवल्यानंतर चालेल अशी व्यवस्था करावी. दुसरा उपाय, आणि मला तोच पटतो, म्हणजे ड्राइव्ह सदैव बदलत्या पद्धतीत ठेवावा आणि आकार ठरवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमवर सोपवावी. आकार लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या दोन्ही स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावा आणि कार्ट्रिजच्या लेबलावरही लिहावा, म्हणजे ड्रायव्हरच्या स्मरणावर अवलंबून राहावे लागत नाही. येथे एक सूचना: ‘एमटी’ नावाच्या आज्ञा दोन आहेत, एक ‘सीपीआयओ’सोबत येणारी आणि दुसरी ‘एमटी-एसटी’ची. लिनक्सच्या ड्रायव्हरचे खास पर्याय दुसरीलाच कळतात. एखादी आज्ञा अनोळखी असल्याचा संदेश आला तर आधी आपण कोणती ‘एमटी’ चालवत आहोत ते पाहावे.

आकार किती ठेवावा? बदलत्या पद्धतीत प्रत्येक ब्लॉकसाठी एक स्वतंत्र स्कझी आज्ञा जाते. एलटीओ-६चा मूळ वेग सेकंदाला १६० मेगाबाइट आहे. १०,२४० बाइटच्या ब्लॉकने तो गाठायचा तर सेकंदाला १५,६२५ आज्ञा लागतील, आणि २५६ किबीबाइटच्या ब्लॉकने सुमारे ६१० पुरतील. आम्ही ५१२चा फॅक्टर, म्हणजे २५६ किबीबाइट ठरवला. त्याहून फार मोठे आकार अ‍ॅडॉप्टर कार्डाच्या मर्यादेला भिडू शकतात आणि दुसऱ्या यंत्रावर टेप वाचताना अडचण करतात, म्हणून उगाच मोह करू नये.

याच प्रकरणात एक लपलेला खड्डा आहे. ‘टार’चे उत्पादन पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचे उत्पादन थेट दुसऱ्याला पोहोचवणाऱ्या नळीतून, ‘डीडी’कडे देऊन ‘बीएस’ पर्यायाने मोठा आकार सांगितला, की ब्लॉक तेवढेच पडतात असे वाटते. तसे होत नाही. ‘बीएस’ दिल्यावर ‘डीडी’ एका वाचनात जेवढे हाती आले तेवढेच पुढे लिहितो. लिनक्समधल्या पाइपची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट असल्यामुळे २५६ किबीबाइटचा ब्लॉक कधीच बनत नाही आणि टेपवर लहानमोठ्या ब्लॉकांची खिचडी होते. ‘बीएस’ऐवजी ‘ओबीएस’ दिला तर ‘डीडी’ तुकडे साठवून ठरलेल्या आकाराचे ब्लॉक लिहितो. आणि अशा पाइपच्या ओळीत शेलला फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल कळतो. ‘टार’ मध्येच पडला तरी ‘डीडी’ यशस्वी असेल तर स्क्रिप्ट आनंदाने ‘बॅकअप पूर्ण’ असे लिहिते. ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्याशिवाय अशी ओळ वापरू नये.

टेप कुठे उभी आहे, हे कोणालाच ठाऊक नसते तेव्हा

आता सर्वांत महागात पडलेला प्रकार. आमच्या सर्व्हरवर एकाच एसएएस कार्डाला डिस्कांचे एक खोके आणि टेप ड्राइव्ह असे दोन्ही जोडलेले होते. त्या खोक्यातली एक डिस्क मधूनमधून उत्तर देईनाशी होई. स्कझी मध्यस्तराची अशा वेळची रीत चढत्या क्रमाची आहे: आधी ती एक आज्ञा रद्द करणे, मग त्या उपकरणाचा रीसेट, मग लक्ष्याचा किंवा बसचा, आणि काहीच जमले नाही तर संपूर्ण कार्डाचा रीसेट. शेवटच्या पायरीपर्यंत गोष्ट गेली की डिस्कच्या अपराधाची शिक्षा शेजारच्या टेप ड्राइव्हलाही होते.

रीसेटनंतर पहिली आज्ञा गेली की ड्राइव्ह ‘युनिट अटेन्शन’ देतो. एसटी ड्रायव्हर त्यावरून समजतो की आपल्या नोंदीतल्या फाइल क्रमांकावर आता विश्वास ठेवता येत नाही. ड्राइव्ह जागच्या जागी असेल किंवा टेप सुरुवातीलाही गेलेली असेल. म्हणून तो ‘स्थान अज्ञात’ अशी खूण करून ठेवतो आणि त्यापुढे येणारे प्रत्येक वाचन आणि लेखन नाकारतो. प्रोग्रॅमला मिळते ती पुन्हा तीच ‘इनपुट/आउटपुट एरर’. टेप सुरुवातीला नेणे, लिहिलेल्या मजकुराच्या शेवटी नेणे, ठरावीक ब्लॉकवर नेणे किंवा बाहेर काढणे अशी स्थान पुन्हा निश्चित करणारी आज्ञा मिळाल्यावरच तो हा हट्ट सोडतो.

हा हट्ट किती मोलाचा आहे हे आम्हाला नुकसान झाल्यावर कळले. स्क्रिप्टमध्ये कोणीतरी ‘त्रुटी आली तर टेप रिवाइंड करून पुन्हा प्रयत्न कर’ अशी सोय करून ठेवली होती. एका रात्री बॅकअप चालू असताना कार्ड रीसेट झाले, ड्रायव्हरने लेखन रोखले, स्क्रिप्टने आज्ञाधारकपणे टेप सुरुवातीला नेली, आणि स्थान आता निश्चित झाले म्हणून ड्रायव्हरनेही लेखनाला परवानगी दिली. सहाव्या रात्रीचा बॅकअप पहिल्या रात्रीच्या जागी लिहिला गेला. एलटीओ टेपवर जेथे नवे लेखन थांबते तेथेच मजकुराचा शेवट मानला जातो. त्यापलीकडचे जुने अवशेष टेपवर असले, तरी ड्राइव्ह त्यांच्यापर्यंत नेहमीच्या आज्ञांनी जाऊ देत नाही. पाच रात्री अशा गेल्या, आणि लॉगमध्ये शेवटची ओळ होती ‘दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी’.

म्हणून लेखन पुन्हा सुरू करण्याचा क्रम असा असावा. आधी टेप रिवाइंड करावी, मग ‘एमटी’च्या ‘ईओडी’ने लिहिलेल्या मजकुराच्या शेवटी जावे, मग ‘स्टेटस’ने फाइल क्रमांक वाचावा आणि आपल्या सूचीप्रमाणे तेथे जितक्या फाइली असायला हव्यात त्या संख्येशी तो पडताळावा. आकडे जुळले तरच लिहावे, आणि न जुळल्यास स्क्रिप्टने काहीही न करता थांबून माणसाला उठवावे. मध्येच तुटलेल्या बॅकअपचा अर्धवट भाग शेवटची फाइल म्हणून मोजला जाऊ शकतो, हे त्या पडताळणीत लक्षात घ्यावे. त्या शंकेपोटी सुरुवात केलेल्या बॅकअपची नोंद आम्ही सूचीत लेखनापूर्वीच करू लागलो आणि पूर्ण झाल्याची खूण नंतर.

डिस्कांचे खोके आणि टेप यांना वेगवेगळी कार्डे दिल्यावर मध्यरात्रीच्या त्रुटी जवळजवळ थांबल्या. पण क्रम दुरुस्त केला नसता तर उरलेली एखादी त्रुटीही पुरेशी होती.

नावांतला फरक

प्रत्येक ड्राइव्हला ‘डेव्ह’ निर्देशिकेत दोन प्रकारची नावे मिळतात: ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’. ड्राइव्ह एकच, ड्रायव्हर एकच. फरक एवढाच की ‘एसटी०’ या नावाने उघडलेले उपकरण बंद होताच ड्रायव्हर टेप गुंडाळून सुरुवातीला नेतो, जणू फेरी संपली की गाडी डेपोत. ‘एनएसटी०’ मात्र टेप जेथे आहे तेथेच सोडतो. ‘एमटी’ने ‘एसटी०’ या नावावर तीन फाइली पुढे जाण्याची आज्ञा दिली, तर टेप तीन फाइली पुढे जाते, ‘एमटी’ संपताच उपकरण बंद होते आणि टेप परत सुरुवातीला येते. त्यानंतरचे लेखन पहिल्या फाइलीवर पडते. एकाच टेपवर एकाहून अधिक बॅकअप ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘एसटी०’ हे नाव कोठेही दिसता कामा नये.

दोन ड्राइव्ह असतील तर शून्य आणि एक हे क्रमांक सापडण्याच्या क्रमाने मिळतात, आणि रीबूटनंतर ते अदलाबदल होऊ शकतात. ‘डेव्ह’मधील ‘टेप’ निर्देशिकेत ‘बाय-आयडी’खाली अनुक्रमांकावर आधारलेली स्थिर नावे असतात, त्यांपैकी शेवटी ‘एनएसटी’ असलेले नाव वापरावे. कोणता ड्राइव्ह कोणत्या नावाने आला आहे हे ‘एलएसस्कझी’ एका नजरेत दाखवते.

वेळ, बफर आणि घाई

ड्रायव्हर नेहमीच्या आज्ञेसाठी ९०० सेकंद आणि टेप गुंडाळण्यासारख्या दीर्घ आज्ञेसाठी १४,००० सेकंद वाट पाहतो. हे आकडे पाहून कोणालाही ते कमी करावेसे वाटतात. करू नयेत. ड्राइव्ह एखाद्या अवघड जागी स्वतःहून पुन्हा पुन्हा लिहून पाहत असतो, आणि मुदत लवकर संपवली तर मध्यस्तर ती आज्ञा रद्द करून रीसेटच्या वाटेला लागतो. म्हणजे जी अडचण ड्राइव्हने मुकाट्याने सोडवली असती तिच्यातून आपण वर सांगितलेली स्थान हरवण्याची अडचण निर्माण करतो.

एलटीओ-९ घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या पिढीची कोरी टेप प्रथम घातल्यावर ड्राइव्ह तिचे मोजमाप करून घेतो, आणि त्यात दोन तासांपर्यंतही वेळ जाऊ शकतो. तोवर ड्राइव्ह ‘तयार नाही’ असेच सांगत राहतो आणि उपकरण उघडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ड्रायव्हर काही एवढा काळ थांबत नाही. नवी टेप घालून लगेच बॅकअप सुरू करणारी स्क्रिप्ट तेथे पडणारच. कोऱ्या टेपा दिवसा एकेक करून घालून घ्याव्यात.

ड्राइव्हच्या आत स्वतःचा बफर असतो, त्यामुळे लेखन यशस्वी झाल्याचे उत्तर आले तरी शेवटचे काही बाइट टेपवर उतरलेले नसतात. लेखनानंतर उपकरण बंद करताना ड्रायव्हर फाइलमार्क लिहितो, आणि तो लिहून झाल्याचे सांगण्यापूर्वी ड्राइव्हला आपला बफर रिकामा करावा लागतो. उशिरा लक्षात आलेली त्रुटी म्हणूनच कधी पुढच्या लेखनात, तर कधी उपकरण बंद करताना कळते. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ‘क्लोज’चा निकाल तपासल्याशिवाय बॅकअप पूर्ण झाल्याची नोंद करू नये.

सर्वांत शेवटी सापडलेले कारण

एवढे करूनही आमच्याकडे वर्षातून एखाददुसऱ्या वेळी फाइल क्रमांक जुळत नसे आणि स्क्रिप्ट थांबत असे. टेप ड्राइव्हकडे जाण्याची एसटीखेरीज आणखी एक वाट आहे: ‘एसजी’ हा सर्वसाधारण स्कझी ड्रायव्हर. त्या वाटेने कोणताही प्रोग्रॅम ड्राइव्हला थेट आज्ञा पाठवू शकतो आणि एसटीला त्याचा पत्ताही लागत नाही. यंत्रांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी एक स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी सर्व उपकरणांना ‘तयार आहेस का’ असे याच वाटेने विचारत होती. टेप बदलल्यानंतर ड्राइव्हने द्यायची ‘युनिट अटेन्शन’ची सूचना कधीकधी पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्या स्क्रिप्टलाच मिळे. सूचना एकदा दिली की ड्राइव्हच्या लेखी ती संपली. त्यामुळे टेप बदलली गेली हे एसटीला कळतच नसे आणि तो आदल्या टेपचा फाइल क्रमांक धरून बसे.

त्या स्क्रिप्टच्या यादीतून टेप ड्राइव्ह काढून टाकला, आणि ड्राइव्हची खबरबात तिने ‘सिस’मधील ‘स्कझी-टेप’ वर्गाखाली एसटी स्वतः ठेवत असलेल्या आकडेवारीतून घ्यावी असे ठरवले. लिहिलेले बाइट, वाचलेले बाइट, लागलेला वेळ हे सगळे तेथे असते, ‘सिसस्टॅट’मधील ‘टेपस्टॅट’ ते वाचून दाखवते, आणि त्यासाठी ड्राइव्हला एकही आज्ञा पाठवावी लागत नाही. त्यानंतर मी तेथे होतो तोवर स्क्रिप्टने मला रात्री उठवले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये सेन्स की ३ होती.